बाईकचा ईसीएम घरी अपडेट करायचाय? आधी बॅटरी, मग बॅकअप, फाइल सगळ्यात शेवटी

आमच्याकडं गाडी जरा झटके द्यायला लागली, ॲव्हरेज कमी झालं किंवा सकाळी एका सेल्फमध्ये चालू होईना की आजकाल पहिला सल्ला हाच मिळतो, "चिप अपडेट करून घे." पूर्वी कार्बोरेटर साफ कर म्हणायचे ना, तसं. गेल्या दोन-तीन महिन्यांत मला कमीत कमी आठ-दहा पोरांनी हेच विचारलं, काही वाळूजला कंपनीत असलेले, काही जालन्याचे, दोघं तर परळीहून फोन करायलेत, की दादा घरी लॅपटॉपवर ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटरचा डबा) फ्लॅश होतो का, केबल कोणती घ्यायची, फाइल, म्हणजे त्यात भरायचं सॉफ्टवेअर, कुठं मिळेल. होतो, नक्की होतो, मी स्वतः केलाय आणि एकदा चालती गाडी पूर्ण बंदही पडलीय माझ्या हातनं, ते पुढं सांगतो. पण प्रत्येकजण फाइलपासून सुरुवात करतो तिथंच सगळं चुकतं. गाडी ठणठणीत आहे का, बॅटरीत दम आहे का, जुन्या फाइलची कॉपी हातात आहे का, हे तिन्ही झाल्याशिवाय फाइलला हात लावायचा नाही.

चिप म्हणजे नेमकं काय

आता बदलायला वेगळी अशी चिप राहिलेलीच नाही. जुन्या इंजेक्शनवाल्या परदेशी गाड्यांच्या डब्यात ईप्रॉम नावाची चिप सॉकेटमध्ये बसवलेली असायची, तिच्या डोक्यावर काचेची बारकी खिडकी, चिप काढून अल्ट्राव्हायोलेट लाइटखाली ठेवली की जुना डेटा पुसला जायचा, मग प्रोग्रामरवर नवीन भरायचा, खिडकीवर स्टिकर लावायचा आणि परत सॉकेटमध्ये दाबून बसवायची. चिप टाकली, चिप बदलली हे शब्द त्या काळातले आहेत. आजच्या गाडीत मेमरी प्रोसेसरच्या पोटातच असते, डबा सील केलेला असतो, तो फोडायचा नसतो, केबल लावून बाहेरूनच आतलं सॉफ्टवेअर पुसून नवीन लिहायचं असतं. यालाच फ्लॅश करणं म्हणतात. डब्याला कुणी ईसीयू म्हणतं, कुणी ईसीएम, आपल्याकडं गॅरेजात ईसीएम जास्त चालतं म्हणून मी तेच लिहितोय.

आत असतं काय तर मोठमोठे तक्ते. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला थ्रॉटल किती उघडलाय किंवा मॅनिफोल्डमध्ये (इंजिनकडं हवा नेणाऱ्या नळीत) प्रेशर किती आहे, आणि प्रत्येक चौकटीत आकडा, की इथं इंजेक्टर इतके मिलिसेकंद उघडा ठेव. असाच एक तक्ता स्पार्क किती डिग्री आधी द्यायचा त्याचा. शिवाय थंड इंजिनला जास्तीचं पेट्रोल किती, आयडलिंग किती, इंजिनचा वेग अडवणारा रेव लिमिटर कुठं, रेडिएटरचा फॅन किती टेंपरेचरला लावायचा, हे सगळं तिथंच. यालाच लोक मॅप म्हणतात. क्रँक सेन्सर, थ्रॉटल पोझिशन सेन्सर, हवेचं टेंपरेचर, इंजिनचं टेंपरेचर, ऑक्सिजन सेन्सर यांच्याकडून माहिती येते आणि ईसीएम तक्त्यात बघून हुकूम देतो. १ एप्रिल २०२० ला बीएस६ आलं आणि शंभर सीसीच्या गाडीलासुद्धा हा डबा आला, त्यामुळं आता हा विषय फक्त महागड्या गाड्यांचा राहिलेला नाही.

रस्ते तीन आहेत

पहिला म्हणजे कंपनीचं अपडेट. कंपन्या गाडी बाजारात आल्यावरही सॉफ्टवेअर सुधारत राहतात, थंडीत स्टार्टिंग, कमी आरपीएमला गाडी बंद पडणं, विनाकारण लागणारी चेक लाइट, असल्या तक्रारींवर नवीन सॉफ्टवेअर येतं आणि ते सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरमधून टाकतात. बऱ्याचदा फुकट असतं. पण ते आपणहून सांगतीलच असं नाही. मला एका सर्व्हिस सेंटरमध्ये सरळ "तुमच्या मॉडेलला काही अपडेट नाही" म्हणून परत पाठवलं होतं, दुसऱ्या ठिकाणी त्याच गाडीला अर्ध्या तासात टाकून दिलं. म्हणून ॲडव्हायजरला "अपडेट आहे का" एवढंच विचारू नका. म्हणा, "साहेब, स्कॅनर लावून ईसीएमचा सॉफ्टवेअर नंबर दाखवा आणि कंपनीच्या सिस्टिममध्ये यापेक्षा नवीन नंबर आहे का ते बघा." नंबर मागितला की माणूस स्कॅनर लावतोच. आधीचा नंबर आणि नंतरचा नंबर, दोन्हीचे फोटो काढून ठेवा.

दुसरा रस्ता म्हणजे स्वतः किंवा ट्यूनरकडून (मॅप बदलून देणाऱ्या माणसाकडून) ईसीएममध्ये बदललेली फाइल टाकणं. तिसरा पिगीबॅक, म्हणजे कंपनीच्या ईसीएमला हात न लावता सेन्सर आणि इंजेक्टरच्या वायरिंगमध्ये एक वेगळा डबा जोडायचा, तो मधल्या मधे सिग्नल बदलतो. पॉवर कमांडर, पॉवरट्रॉनिक ही नावं ऐकली असतील, ती याच जातीतली. काढला की गाडी पहिल्यासारखी होते हा त्याचा मोठा फायदा.

ज्याची गाडी स्टॉक आहे, सायलेन्सर बदलला नाही, एअर फिल्टर कंपनीचाच आहे, त्यानं पहिला रस्ता सोडून दुसरीकडं जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. गाडी वॉरंटीत असेल तर बाहेरची फाइल टाकून इंजिनची वॉरंटी धोक्यात घालू नका. कायद्याचंही बघा, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ स्वरूपात परवानगीशिवाय बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलासाठी ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) काढून टाकायचा आणि ऑक्सिजन सेन्सर फाइलमधून बंद करायचा, असली कामं मी करत नाही आणि कशी करायची तेही इथं सांगणार नाही. बंद ट्रॅकवरची गाडी असेल तर गोष्ट वेगळी.

पुढं जे लिहिलंय ते कंपनीची मूळ किंवा नवीन फाइल आणि ट्यूनरनं दिलेली फाइल, दोन्हीला सारखंच लागू आहे.

आधी गाडी बघा, लॅपटॉप नंतर

इथं संभाजीनगरात रोशन गेटला आमचे एक मिस्त्री चाचा आहेत, कार्बोरेटरच्या जमान्यातले, त्यांच्याकडं मी पहिल्यांदा केबल घेऊन गेलो तर त्यांनी केबलकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "बेटा, पहले प्लग तो खोल." प्लग खोलला तर गॅप वाढलेला आणि खाली काळी काजळी. प्लग बदलला, एअर फिल्टर बघितला तर त्यात आपल्या शेतरस्त्याची अर्धा पाव माती. दोन्ही बदलल्यावर माझी अर्धी तक्रार तिथंच संपली. मी त्या दिवशी सॉफ्टवेअर लिहिलं असतं तर तुंबलेल्या फिल्टरवर नवीन मॅप बसला असता आणि फिल्टर बदलल्यावर परत सगळं बिघडलं असतं.

म्हणून एवढं बघूनच घ्या. एअर फिल्टर, स्पार्क प्लग, थ्रॉटल बॉडीच्या तोंडाशी साचलेला काळा थर, आणि थ्रॉटल बॉडी ते इंजिन यांच्यामधला रबराचा बूट. या रबराला आपल्या उन्हानं बारीक चिरा पडतात, तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, गाडी पातळ मिक्स्चरवर (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालते आणि आयडलिंगला वरखाली होत राहते. आयडलिंगला गाडी ठेवून त्या बुटावर पाण्याचा बारीक फवारा मारा, आवाज बदलला तर लीक आहे. पेट्रोल किंवा कसला ज्वलनशील स्प्रे मारू नका, खाली सायलेन्सर तापलेला असतो.

मग वायरिंग. वॉशिंग सेंटरवर प्रेशरनं पाणी मारतात ते ईसीएमच्या कनेक्टरमध्ये जातं आणि पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर येतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची, मगच ईसीएमचा कनेक्टर काढायचा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वाळू द्यायचा. बॅटरी जोडलेली असताना ईसीएमचा कनेक्टर काढू-घालू नये, कधीच. आणि आणखी एक, लेग गार्ड किंवा सामानाचा कॅरियर वेल्डिंग करून घ्यायला लोक गाडी तशीच फॅब्रिकेशनच्या दुकानात लावतात, आर्क वेल्डिंगचा करंट फ्रेममधून जातो आणि चांगला ईसीएम उडतो. वेल्डिंग करायचंच असेल तर बॅटरी आणि ईसीएम दोन्ही सोडवून घ्या.

शेवटी स्कॅनर लावून फॉल्ट कोड वाचा. सेन्सर खराब असेल तर जगातली कुठलीही फाइल त्याला बरं करू शकत नाही. कोड असेल तर आधी तो सोडवा.

काय काय लागेल

गाडीला डायग्नोस्टिक कनेक्टर कुठं आहे ते शोधा, बहुतेक सीटखाली किंवा साइड पॅनेलच्या आत, रबराची टोपी घातलेला. बऱ्याच बीएस६ गाड्यांना लाल रंगाचा सहा पिनचा असतो, कारचा सोळा पिनचा असतो म्हणून मधे ॲडॅप्टर लागतो. ईसीएमशी बोलायच्या दोन पद्धती असतात, गाडी कॅन लाइनवर बोलते की जुन्या के-लाइनवर ते आधी माहीत करून घ्या कारण इंटरफेस (लॅपटॉप आणि गाडी जोडणारी केबल) त्याप्रमाणं लागतो. ऑनलाइन मिळणारं स्वस्तातलं ईएलएम ब्लूटूथ डोंगल कोड वाचायला ठीक आहे, लिहायला त्याचा भरवसा धरू नका. ब्लूटूथवर मी लिहीतच नाही, यूएसबी केबलच.

सॉफ्टवेअर गाडीप्रमाणं बदलतं. काही ट्रायम्फ आणि केटीएम गाड्यांना ट्यूनईसीयू चालतं, जपानी मोठ्या गाड्यांना वुलिच, फ्लॅशट्यून अशी आहेत. आपल्या छोट्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांना घरगुती असं काही नाही, तिथं ट्यूनरचं टूल किंवा कंपनीचा स्कॅनर हेच. तुमचं मॉडेल, वर्ष आणि ईसीएमचा नंबर सपोर्टेड यादीत आहे का ते बघितल्याशिवाय पैसे भरू नका. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर फिरत असतं, ते तर अजिबात नको, मधेच अडकलं तर मदत मागायला कुणी नसतं.

बाकी मल्टिमीटर, ॲलन की, फ्यूज काढायचा चिमटा, आणि चांगला बॅटरी चार्जर.

बॅटरी

बॅटरीवर मी जरा जास्तच लिहिणार आहे कारण फ्लॅश करताना गाडी मेली की बहुतेक वेळा कारण हेच निघतं. लिहिताना ईसीएम आधी जुनी मेमरी पुसतो आणि मग नवीन भरतो. या मधल्या वेळात त्याच्या आत चालण्यासारखं पूर्ण सॉफ्टवेअर नसतंच. त्याच क्षणी व्होल्टेज पडलं तर तो अर्धवट राहतो, आणि मग सेल्फ मारा नाहीतर धक्का मारा, गाडी हूं की चूं करत नाही.

गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी चावी बंद असताना बॅटरीच्या दोन्ही टोकांवर मल्टिमीटर धरा. १२.६ किंवा वर दाखवलं तर पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे जरा उतरलेली, चार्ज करून घ्या. १२.२ च्या खाली असेल तर चार्ज करूनही रात्रभरात परत उतरते का बघा, उतरली तर बॅटरीच बदला. मग चावी चालू करून पाच मिनिटं तसंच ठेवा आणि मीटर बघत राहा. माझ्या जुन्या बॅटरीत चावी लावताच आकडा १२.५ वरून १२.१ वर आला, मग दर मिनिटाला थोडा थोडा खाली सरकत पाचव्या मिनिटाला ११.८, आणि ही तीच बॅटरी जी रोज गाडी व्यवस्थित चालू करत होती! सेल्फला दोन सेकंद जोर लागतो, फ्लॅशला पंधरा-वीस मिनिटं सलग लागतो, दोन्हीत फरक आहे.

चावी लावली की हेडलाइट लागत असेल तर तिचा फ्यूज काढा. ५५ वॉटचा बल्ब एकटाच साडेचार अँपिअर खातो. फॉग लाइट, मोबाइल चार्जर, जीपीएस, अलार्म, जे जे बाहेरून लावलंय ते सगळं बंद. ईसीएमचा आणि फ्युएल पंपाचा फ्यूज मात्र काढू नका, फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा तक्ता वाचून काढा.

लिहिताना बॅटरीला स्थिर चार्जर लावून ठेवा, १३ ते १३.८ व्होल्टच्या आसपास राहील असा. बॅटरीच्या दुकानात असतो तो जुना जाड ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर लावू नका, त्याचं व्होल्टेज १५ च्या वर उड्या मारतं. स्थिर व्होल्टेजचा चांगला चार्जर नसेल तर कारची भरलेली बॅटरी समांतर जोडा, प्लसला प्लस, मायनसला मायनस, कारचं इंजिन बंद ठेवून.

आता माझ्या हातनं झालेलं सांगतो. मे महिना, जालन्याला मावसभावाच्या गॅरेजात बसलो होतो. गाडीची बॅटरी नवीन, चार्जर लावलेला, सगळं नीट. लॅपटॉप मात्र त्याचा, आणि त्याची बॅटरी कधीचीच गेलेली, थेट प्लगवर चालायचा. ४३ टक्क्यांवर पट्टी आली आणि लाइट गेली. पंखा थांबल्याचा आवाज आधी कानात गेला, मग स्क्रीन काळी झालेली दिसली. गाडीच्या मीटरवरचे सगळे दिवे लागलेले तसेच. त्याच्यानंतर चार दिवस गाडी गॅरेजातच, आणि ईसीएम पिशवीत घालून मी पुण्याला. लोडशेडिंग आपल्याला नवीन नाही, तरी माझ्या डोक्यात फक्त गाडीची बॅटरी होती, लॅपटॉपची आलीच नाही. म्हणून लॅपटॉपची स्वतःची बॅटरी निदान तासभर चालणारी पाहिजे, पूर्ण चार्ज, स्लीप बंद, विंडोज अपडेट थांबवलेलं, यूएसबीचं पॉवर सेव्हिंग बंद, व्हॉट्सॲप वगैरे सगळं बंद. काही टूलला लिहितानाही इंटरनेट लागतं, तसं असेल तर लाइट गेली की बंद पडणाऱ्या वायफायवर नाही, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करा आणि रेंज आधी बघून घ्या. उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर सावलीत करा, दुपारी पत्र्याच्या शेडखाली लॅपटॉप तापून स्वतःच बंद पडतो.

बॅकअप

ईसीएमवरच्या स्टिकरचा फोटो काढा. त्यावर हार्डवेअर नंबर असतो. स्कॅनरमध्ये सॉफ्टवेअर नंबर, कॅलिब्रेशन नंबर आणि चेसिस नंबर दिसतो, त्याचाही स्क्रीनशॉट. मग टूलमधून पूर्ण रीड करा. दोनदा करा. दोन्ही फाइलची साइज आणि हॅश (फाइलमधल्या डेटावरून निघणारा ओळखीचा आकडा) तंतोतंत जुळतं का बघा, जुळलं नाही तर केबलमध्ये किंवा कनेक्शनमध्ये गडबड आहे, आणि वाचताना गडबड करणारी केबल लिहिताना करणारच. फाइलला "ओरिजिनल" एवढंच नाव देऊ नका, गाडीचं मॉडेल, सॉफ्टवेअर नंबर आणि तारीख घाला. एक कॉपी लॅपटॉपवर, एक पेन ड्राइव्हवर, एक स्वतःच्या मेलवर.

बऱ्याच नवीन ईसीएमना वाचायला कुलूप असतं, डायग्नोस्टिक पोर्टमधून पूर्ण रीड होत नाही. अशा वेळी तुमच्याच सॉफ्टवेअर नंबरची मूळ फाइल ट्यूनरकडं आहे का ते लिहिण्याआधी विचारा आणि तीच पाठवायला सांगा. नसेल तर तिथंच थांबा. परत जायला वाट नसताना पुढं जाणं मला पटत नाही, कुणी कितीही भरवसा दिला तरी.

फाइल, आणि पेट्रोलमधला ऊस

मित्राची गाडी आणि तुमची गाडी एकाच रंगाची, एकाच वर्षाची असली तरी फाइल तीच चालेल असं नाही. हार्डवेअर नंबर जुळलाच पाहिजे, सॉफ्टवेअर नंबर टूल जे सांगेल त्या यादीत पाहिजे, आणि फाइलचा चेकसम (फाइल नीट आहे का ते तपासायचा आकडा) बरोबर पाहिजे नाहीतर ईसीएम ती नाकारतो किंवा गाडी चालूच होत नाही.

आता महत्त्वाचं. बाहेरच्या देशातल्या ट्यूनरची फाइल घेऊन लोक खूश होतात, पण आपल्या पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल (ई२०) आहे. आपल्याच लातूर-धाराशिवकडच्या उसाचं इथेनॉल शेवटी आपल्याच टाकीत येतंय म्हणा ना. शुद्ध पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळायला हवेचे १४.७ भाग लागतात. दहा टक्के इथेनॉल असेल तर साधारण १४.१ आणि वीस टक्क्यांना साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त पाहिजे, दहा टक्केवाल्यावर ट्यून केलेल्या फाइलपेक्षा साधारण चार टक्के जास्त. सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीएम स्वतः तेवढं वाढवून घेतो, तिथं काही कळत नाही. पण फुल थ्रॉटलला बहुतेक गाड्या सेन्सरचं ऐकत नाहीत, तक्त्यात जो आकडा आहे तेवढंच पेट्रोल टाकतात, आणि तिथं गाडी पातळ चालते. समृद्धीवर मोटरसायकलला बंदी आहे म्हणून वाचलो, पण सोलापूर हायवेवर मे महिन्यात दुपारी ४२-४३ डिग्रीत मागं माणूस बसवून थ्रॉटल पिळून धरला की त्या चार टक्क्यांची किंमत पिस्टन मोजतो. म्हणून ट्यूनरला पहिला प्रश्न हाच, "ही फाइल ई२० वर बनवलीय का, फुल थ्रॉटलला लॅम्डा किती ठेवलाय?" लॅम्डा म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ म्हणजे बरोबर, त्याखाली पेट्रोल जास्त. ०.८७ ते ०.९० च्या आसपास उत्तर आलं तर माणसाला काम कळतंय. "पॉवर वाढेल, टेन्शन घेऊ नका" असं उत्तर आलं तर पैसे खिशात ठेवा.

लिहायला बसल्यावर

गाडी मेन स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन थंड. लॅपटॉपला केबल, केबलला गाडी, मगच चावी चालू, किल स्विच रनवर. सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेज दिसतं ते एकदा मल्टिमीटरशी ताडून बघा. फाइल निवडली की नाव परत एकदा मोठ्यानं वाचा, हे मी आजही करतो. मग राइट.

एकदा पट्टी सरकायला लागली की केबल, चावी, सीट, कशालाच हात नको. मीटरवर एबीएस, इंजिन, सगळे दिवे पेटतील, सुई नाचेल, कधी फ्युएल पंप मधेच घुंई करेल, रेडिएटरचा फॅन चालू होईल. घाबरून चावी बंद करू नका, ईसीएम लिहिण्यात गुंतलाय आणि बाकीच्यांशी बोलत नाहीये म्हणून ते दिवे आहेत. के-लाइनच्या गाडीला वेळ जास्त लागतो, कॅनवर लवकर होतं. घरातल्या लहान पोरांना आणि शेजारच्या "बघू बघू" करणाऱ्यांना तेवढा वेळ लांब ठेवा.

शंभर टक्के झाल्यावर व्हेरिफाय होऊ द्या. सॉफ्टवेअर सांगेल तेव्हा चावी बंद. मग निदान अर्धा मिनिट थांबा, आतला रिले टक् करून सुटतो तो आवाज येतो, त्यानंतर चावी परत चालू करा. फॉल्ट कोड पुसा, चावी बंद, परत चालू, परत कोड वाचा. काढलेले फ्यूज जागेवर घाला.

मधेच एरर आली तर? चावी बंद करायची नाही. केबल हलवायची नाही. आधी व्होल्टेज बघा, मग सॉफ्टवेअरमध्ये रिकव्हरी किंवा परत लिहा असा पर्याय असतो तो घ्या, पुष्कळदा दुसऱ्या वेळेला होऊन जातं. लॅपटॉप बंद पडला तरी गाडीची चावी चालूच ठेवा, चार्जर लावलेला आहेच, लॅपटॉप परत चालू करून जोडा. मी त्या दिवशी घाईघाईत चावी बंद केली, हीच दुसरी चूक. तरीही ईसीएम बोलेना तर तो काढून बेंचवर न्यावा लागतो, म्हणजे टेबलावर वेगळ्या पॉवर सप्लायनं १२ व्होल्ट देऊन, बूट मोडमध्ये घालून त्यात मूळ फाइल भरतात. हे काम बेंच टूल असलेल्या माणसाचंच, आणि तो पहिली गोष्ट हीच विचारतो, "ओरिजिनल फाइल आहे का?" माझ्याकडं मेलवर होती म्हणून नवीन ईसीएमचा खर्च वाचला.

चालू झाली, मग पुढं

पहिल्यांदा चालू करताना थ्रॉटलला हात लावू नका. काही गाड्यांना थ्रॉटल सेन्सर आणि आयडलिंग नव्यानं शिकवावं लागतं, त्याची पद्धत प्रत्येक मॉडेलची वेगळी, सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते ती तशीच करा. इंजिन पूर्ण तापेपर्यंत आयडलिंगवर ठेवा. लाइव्ह डेटामध्ये बघा, थ्रॉटल सोडलेला असताना शून्य दाखवतोय का, ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या मधे वरखाली होतंय का, आणि फ्युएल ट्रिम (ईसीएम तक्त्यापेक्षा पेट्रोल किती टक्के कमीजास्त करतोय) शून्याच्या आसपास आहे का. ट्रिम सतत अधिक दहाच्या वर असेल तर गाडी पेट्रोल मागायलीय, फाइल किंवा हवेची लीक परत बघा.

मग रस्ता. मी पहिले दहा-पंधरा किलोमीटर घराजवळच फिरतो, पडेगावच्या पुढं जात नाही, अर्ध्या थ्रॉटलच्या वर नाही. सगळं नीट वाटलं तर दौलताबादचा घाट, खुलताबाद करून वेरूळपर्यंत, साधारण तीस किलोमीटर. त्या घाटात तिसऱ्या गिअरला कमी आरपीएमवर थ्रॉटल उघडला की खरं कळतं. डब्यात खडे टाकून हलवल्यासारखा बारीक कडकड आवाज आला तर ते नॉकिंग आहे, स्पार्क लवकर पडायलाय, लगेच थ्रॉटल सोडा आणि सावकाश घरी येऊन मूळ फाइल परत टाका. सायलेन्सरमधून फटफट फुटत असेल, थ्रॉटल उघडताना एक क्षण गाडी दम खात असेल तर लाइव्ह डेटाची नोंद (लॉग) करून ट्यूनरला पाठवा, "मजा येईना" एवढं सांगून त्याला काही कळणार नाही. फक्त प्लगच्या रंगावरही जाऊ नका, इथेनॉलच्या पेट्रोलवर प्लग तसाही पांढरट दिसतो. सायलेन्सर आणि फिल्टर दोन्ही बदललेले असतील तर एकदा डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजायचं मशिन) वाइडबँड (जास्त अचूक ऑक्सिजन सेन्सर) लावून बघणं गरजेचंच आहे, त्यासाठी पुण्याला जावं लागलं तरी जा.

पीयूसी लगेच करून घ्या. मुदत संपलेली नसली तरी. मशिनवर येणारा कार्बन मोनॉक्साइडचा आकडा जुन्या पावतीशी ताडून बघा, दुप्पट झाला असेल तर आयडलिंगला मिक्स्चर जाड झालंय.

५०० किलोमीटर झाल्यावर परत एकदा कोड वाचा, ट्रिम बघा, टाकी फुल करून ॲव्हरेज काढा, एका टाकीवर नाही, सलग तीन टाक्यांवर. आणि नवीन सॉफ्टवेअर नंबर, तारीख, कुणी टाकलं, हे एका कागदावर लिहून आरसी बुकच्या पिशवीत ठेवा, सर्व्हिसिंगला गाडी दिली की तो कागद आधी ॲडव्हायजरला दाखवा, नाहीतर ते स्कॅनर लावून कंपनीचं अपडेट वरून टाकतात आणि तुमची फाइल पुसली गेल्याचं तुम्हाला रस्त्यावर कळतं.